फ्लोरिन जोडायचाय? आधी पाण्याचं बघा

पीएचडीला लागले त्या पहिल्याच आठवड्यात माझ्या हातात दोन गोष्टी आल्या: सीझियम फ्लोराइडची एक बाटली आणि कार्बनी रेणूला फ्लोरिन जोडण्यावरचा एक शोधनिबंध. "करून बघ, दोन दिवसांचं काम आहे," असं सांगण्यात आलं. जुलै महिना, बाहेर मुंबईचा पाऊस. पेपरात यील्ड (अपेक्षेपैकी हाती आलेला माल) ऐंशी टक्क्यांच्या वर, माझ्याकडे तीन आठवडे शून्य. टीएलसीवर (मिश्रणातली संयुगं ठिपक्यांत वेगळी दाखवणाऱ्या पट्टीवर) सुरुवातीच्या संयुगाचा ठिपका होता तिथेच ठाण मांडून बसलेला. शेवटी एका सीनियर ताईने बाटलीतली चिमूटभर पावडर वॉचग्लासवर टाकली आणि म्हणाली, "चल, चहा पिऊन येऊ." परत आलो तेव्हा वॉचग्लासवर पावडर नव्हतीच, एक ओला चिकट थेंब होता. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकणाऱ्या घरात वाढूनही ही पावडर हवेतलं पाणी शोषते, हे मला सुचलं नव्हतं.

पुढे मी फ्लोरिन-१८ च्या रसायनाकडे, म्हणजे पेट स्कॅनसाठी लागणाऱ्या औषधांकडे वळले. तिथेही पहिली झटापट पाण्याशीच. एमएस्सी करून नुकतेच अशा एखाद्या प्रोजेक्टवर लागलेल्या, किंवा सायक्लोट्रॉनच्या (किरणोत्सारी समस्थानिकं बनवणाऱ्या यंत्राच्या) रेडिओफार्मसीत रुजू झालेल्या मुलामुलींसाठी हे लिहितेय. मला जे तीन वर्षांत कळलं ते तुम्हाला तीन आठवड्यांत कळावं, एवढीच अपेक्षा.

१. कशासाठी जोडताय ते एका वाक्यात लिहा

घरातला औषधांचा डबा उघडा. बाबांची कोलेस्टेरॉलची ॲटोरव्हास्टॅटिन: एक फ्लोरिन. सिप्रोफ्लॉक्सासिन: एक. फ्लुकोनाझोल: दोन. मधुमेहाची सिटाग्लिप्टिन: चक्क सहा. निसर्गात मात्र कार्बनला फ्लोरिन जोडलेली संयुगं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. म्हणजे डब्यातले हे सगळे फ्लोरिन कुणीतरी, कुठल्यातरी फ्लास्कमध्ये, मुद्दाम जोडलेले आहेत.

कारणं दोन-तीन असतात. कार्बनचा फ्लोरिनशी होणारा एकेरी बंध फार मजबूत, मोलमागे सुमारे ४८५ किलोज्यूल. यकृतातली एन्झाइम्स ज्या जागी ऑक्सिजन चिकटवून औषध मोडतात त्या जागी हायड्रोजनऐवजी फ्लोरिन बसवला की ती वाट बंद होते. एझेटिमिब हे कोलेस्टेरॉलचं औषध घडवताना असंच झालं: मूळ रेणू शरीरात कुठे मोडतो ते पाहिलं आणि त्या जागा फ्लोरिनने अडवल्या. फ्लोरिन हायड्रोजनपेक्षा जरासाच मोठा, त्यामुळे प्रथिनाच्या खाचेत तो सहसा मावतो. आणि शेजारच्या गटांचे इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढून घेत असल्यामुळे त्यांचा आम्ल-अल्कली स्वभावही बदलतो. फ्रीड आणि सॅबो यांनी १९५४ मध्ये कॉर्टिसोल-कुळातल्या स्टेरॉइडला एकच फ्लोरिन जोडला आणि परिणामकारकता दहापटीच्या घरात गेली. फ्लुड्रोकॉर्टिसोन ते हेच.

इमेजिंगचं कारण वेगळं. तिथे फ्लोरिन-१८ हा किरणोत्सारी समस्थानिक रेणूला लावायचा, म्हणजे तो रेणू शरीरात कुठे गेला ते स्कॅनरवर दिसतं. औषधासाठी फ्लोरिन महिनाभर घासूनपुसून बसवला तरी चालतो. स्कॅनसाठी तो सकाळी बसवून दुपारच्या आत शिरेत जावा लागतो. म्हणून पद्धत शोधण्याआधी वहीच्या पहिल्या पानावर लिहा: "या कार्बनवर फ्लोरिन हवा, कारण अमुक."

एक सावधगिरीची गोष्ट इथेच सांगते. "फ्लोरिन टाकला की रेणू सुधारतो" हे खरं नाही. ट्रायफ्लोरोमिथाइल गट वाढवत गेलात तर रेणू इतका तेलकट होतो की पाण्यात विरघळायचं नाव घेत नाही. आणि लहान साखळीच्या टोकाला एकच फ्लोरिन असलेली संयुगं (फ्लोरोइथेनॉलसारखी) शरीरात फ्लोरोॲसिटेट देतात. ते जहाल विष आहे. अशी लहान, उडून जाणारी संयुगं हूडबाहेर (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाबाहेर) कधीही उघडू नका.

२. एचएफला घाबरा

फ्लोरिन वेगळा करण्याच्या नादात एकोणिसाव्या शतकात कित्येक रसायनशास्त्रज्ञ जायबंदी झाले, काही मेले. शेवटी मोआसाँला १८८६ मध्ये ते जमलं. आपण शुद्ध फ्लोरिन वायूच्या वाटेला जात नाही, पण हायड्रोजन फ्लोराइड, म्हणजे एचएफ, न बोलावता येतो. फ्लोराइडच्या कुठल्याही क्षारात आम्ल पडलं की तो तयार. डॅस्ट हे फ्लोरिन देणारं अभिकर्मक पाण्यात पडलं की तयार.

एचएफची खोड अशी की भाजलेलं लगेच कळत नाही. सौम्य द्रावण असेल तर वेदना कित्येक तासांनी सुरू होते, तोवर फ्लोराइड आत शिरून कॅल्शियम बांधत सुटलेलं असतं. रक्तातलं कॅल्शियम घसरलं की थेट हृदयावर येतं. म्हणून:

- २.५ टक्क्यांचा कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हूडच्या शेजारी हवा, कुलपाच्या कपाटात नको. एक्स्पायरी बघा. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा आमच्याकडची ट्यूब दोन वर्षांपूर्वीच संपलेली होती.
- अंगावर उडालं तर पाच मिनिटं भरपूर पाण्याने धुवा, मग जेल चोळत राहा, आणि दुखत नसलं तरी दवाखान्यात जा. डॉक्टरांना "ॲसिड पडलं" एवढंच सांगू नका, "एचएफ" म्हणा. उपचार वेगळा असतो.
- पातळ नायट्राइल हातमोजे म्हणजे कागदी छत्री. त्यावर जाड निओप्रीन चढवा.
- एचएफ आणि त्याचे पिरिडीन किंवा ट्रायइथाइलअमीनमधले प्रकार काचेत ठेवायचे नाहीत, काच खातात. पॉलिप्रॉपिलीन किंवा टेफ्लॉन वापरा.

३. टेबलावर काय काय हवं

- सीझियम फ्लोराइड, स्प्रे-ड्राइड पोटॅशियम फ्लोराइड (साधी दाणेदार पावडर नको, तिचा पृष्ठभाग कमी), टीबीएएफचं (टेट्राब्यूटिलअमोनियम फ्लोराइडचं) द्रावण
- सिलेक्टफ्लोर किंवा एनएफएसआय, ही फ्लोरिन देणारी अभिकर्मकं
- चांगला व्हॅक्युम पंप, मध्ये ट्रॅप, आणि उष्णता सहन करणारी श्लेंक नळी (हवा काढून काम करता येते ती)
- ग्लव्हबॉक्स (कोरड्या वायूने भरलेली बंद पेटी) असेल तर उत्तम; नसेल तर नायट्रोजनचा फुगा आणि चपळ हात
- मॉलिक्युलर सीव्ह्ज (पाणी शोषणारे दाणे), वापरण्याआधी तापवून कोरड्या केलेल्या
- पाण्याचं प्रमाण मोजणाऱ्या कार्ल फिशर यंत्रावर वेळ. हे कुणी सांगत नाही. सॉल्व्हंटच्या बाटलीवर "ड्राय" लिहिलंय म्हणून ते कोरडं असेलच असं नाही
- फ्लोरिन एनएमआर (चुंबकी क्षेत्रात रेणू ओळखण्याची चाचणी) घेता येईल अशी प्रोब, आणि ती चालवणाऱ्या ऑपरेटरशी बरे संबंध

४. फ्लोराइड कोरडं करा, पण किती?

हा टप्पा जमला की बाकीचं निम्मं सोपं.

फ्लोराइडचा आयन लहान, त्यावरचा ऋणभार एका जागी एकवटलेला. त्यामुळे पाण्याचे रेणू त्याच्याभोवती गुळाला मुंगळे लागावेत तसे गोळा होतात. मुंगळ्यांच्या गराड्यातला गूळ कुणाला चावणार? असं ओलं फ्लोराइड कार्बनवर हल्ला करतच नाही. उलट अगदी कोरडं, उघडं फ्लोराइड इतकं तापट की ते कार्बनऐवजी शेजारचा हायड्रोजन ओढून काढतं. मग बदलीऐवजी इलिमिनेशन होतं, म्हणजे रेणूतले दोन भाग गळून दुहेरी बंध बनतो, आणि फ्लोराइडऐवजी अल्कीन हाती येतं. म्हणजे ओलं ठेवलं तर काम नाही, फार वाळवलं तर भलतंच काम. फ्लोरिनेशनच्या नव्या पद्धतींपैकी निम्म्या तरी या कात्रीतून सुटण्याचे मार्ग आहेत, हे एकदा ध्यानात आलं की पेपर वाचायला मजा येते.

माझी रीत सांगते. सीझियम फ्लोराइड खलात पटकन बारीक करायचं (पावसाळ्यात शक्यतो ग्लव्हबॉक्समध्येच), श्लेंक नळीत घालून व्हॅक्युमखाली १५० अंशांच्या आसपास रात्रभर. सकाळी नळी हलवली की पावडर भिंतीवरून सुळकन घसरली पाहिजे. गठ्ठे दिसले तर पुन्हा तापवा. तांदळाच्या पापडाची परीक्षा आजी कशी घ्यायची, वाकवून? तसंच.

टीबीएएफबाबत नवखे हमखास फसतात. ते बाजारात तीन पाण्याच्या रेणूंसह मिळतं. "तापवून वाळवू" म्हणाल तर पाणी जाता जाता फ्लोराइडच आपल्या जोडीदार अमोनियम आयनाला मोडतं, आणि ब्यूटीन उडून जातं. खरंच कोरडं टीबीएएफ हवं असेल तर ते कमी तापमानाला ताजं बनवावं लागतं. डिमॅग्नो यांच्या गटाने २००५ मध्ये हेक्झाफ्लोरोबेन्झीन आणि टीबीए सायनाइडपासून तशी कृती दिली.

आता उलट बाजू. तृतीयक अल्कोहोल, म्हणजे टर्ट-ब्यूटेनॉल किंवा टर्ट-अमाइल अल्कोहोल, हे सॉल्व्हंट म्हणून वापरलं तर पुस्तकी नियमाप्रमाणे फ्लोराइड बांधलं जाऊन निकामी व्हायला हवं. कोरियातल्या किम आणि ची यांनी २००६ मध्ये दाखवलं की तसं होत नाही. हे जाडजूड अल्कोहोल फ्लोराइडला सैल मिठी मारतं: तापटपणा कमी होतो, काम थांबत नाही. इलिमिनेशनने छळलं तर मी सगळ्यात आधी सॉल्व्हंट बदलून हे घालून बघते.

याच कल्पनेचं देखणं रूप ऑक्सफर्डच्या व्हेरोनिक गुव्हर्नर यांच्या गटाने २०१८ मध्ये दिलं. त्यांचा युरिया-उत्प्रेरक न विरघळणाऱ्या सीझियम फ्लोराइडच्या कणांतून एकेक फ्लोराइड हायड्रोजन-बंधांनी उचलून आणतो आणि रेणूच्या नेमक्या बाजूने सोडतो. याची स्फूर्ती एका जिवाणूची. स्ट्रेप्टोमायसिस कॅटलेया हा जिवाणू कार्बन-फ्लोरिन बंध स्वतः बनवतो, आणि ते करणारं एन्झाइम डेव्हिड ओहेगन यांच्या गटाने २००२ मध्ये शोधलं. आपण ओव्हन आणि पंप लावून बसतो ते काम हा जिवाणू पाण्यात बसून करतो. एन्झाइमच्या खाचेत पाण्याचा गराडा उतरवला जातो, त्या जागी मोजके हायड्रोजन-बंध येतात.

५. रस्ता कार्बन बघून निवडा

"सर्वात नवी पद्धत कुठली?" हा प्रश्न सोडून द्या. तुमच्या कपाटात कुठलं सुरुवातीचं संयुग आहे ते बघा.

*हातात अल्कोहोल असेल तर:* डॅस्ट हे जुनं औजार. स्वस्तात मिळतं, काम करतं, पण ९० अंशांच्या वर गेलं की विघटन भडकून स्फोट होऊ शकतो. डॅस्टचा फ्लास्क तापवायचा नाही, त्याचं डिस्टिलेशन करायचं नाही, बस. मोठ्या प्रमाणावर करायचं असेल किंवा मन धजत नसेल तर तेव्हा प्रिन्स्टनला असलेल्या ॲबिगेल डॉयल यांच्या गटाने २०१५ मध्ये आणलेलं पायफ्लोर बघा. ते टिकाऊ आहे आणि इलिमिनेशनही कमी देतं.

*बेन्झीनच्या कड्यावर हवा असेल आणि त्यावर नायट्रो, सायनो असे इलेक्ट्रॉन ओढणारे गट असतील तर:* साधी एसएनएआर. क्लोरो किंवा नायट्रो काढून फ्लोराइड बसवा. कोरडं डीएमएसओ (सॉल्व्हंट), उष्णता, झालं. इथे पॅलेडियम शोधत बसू नका.

*कड्यावर ढकलणारे गट, म्हणजे मिथॉक्सी वगैरे, असतील तर:* खरी पंचाईत इथे. १९२७ पासून बाल्झ-शीमान होती: अमीनपासून डायाझोनियम क्षार, तो वाळवायचा, तापवायचा, आणि देवाचं नाव घ्यायचं. गेल्या पंधरा-वीस वर्षांत इथेच सगळ्यात जास्त नव्या वाटा निघाल्या. एमआयटीच्या बकवाल्ड यांनी २००९ मध्ये पॅलेडियमवर भलामोठा फॉस्फीन लिगँड (धातूला चिकटणारा रेणू) लावून अरिल ट्रायफ्लेटवर (कड्यावर सहज सुटणारा गट असलेल्या संयुगावर) सीझियम फ्लोराइडमधला फ्लोराइड बसवून दाखवला. हे जमेल असं त्याआधी फार थोड्यांना वाटत होतं, कारण पॅलेडियमला चिकटलेला फ्लोराइड सुटतच नसे. टोबियास रिटर यांच्या फेनोफ्लोरने फिनॉलचा हायड्रॉक्सी गट सरळ फ्लोरिनने बदलतो. मेलनी सॅनफर्ड यांच्या गटाने तांब्याच्या साहाय्याने बोरॉन असलेल्या जागी पोटॅशियम फ्लोराइडमधला फ्लोरिन बसवला.

मला स्वतःला तांब्याचा रस्ता आवडतो, कारण बोरॉनची संयुगं विकत मिळतात आणि तीच पुढे हॉट लॅबमध्येही (किरणोत्सारी कामाच्या प्रयोगशाळेत) चालतात. पण दोन खाचखळगे. पॅलेडियमच्या वाटेत कधीकधी फ्लोरिन शेजारच्या कार्बनवर बसतो, म्हणजे भलताच समघटक. आणि दोन्ही वाटांत काही रेणूंवर फ्लोरिनऐवजी हायड्रोजनच बसतो. हा हायड्रोजनवाला भाऊबंद शुद्धीकरणाच्या कॉलमवर तुमच्या संयुगाच्या इतक्या जवळून चालतो की वेगळा निघता निघत नाही. म्हणून पहिल्या प्रयोगाआधीच तो विकत घ्या किंवा बनवा, टीएलसी आणि एचपीएलसीवर (संयुगं वेगळी करणाऱ्या यंत्रावर) शेजारी चालवून बघा. वेगळे होत नसतील तर प्रिकर्सरचा (सुरुवातीच्या संयुगाचा) आराखडाच बदला, कॉलमशी कुस्ती खेळू नका.

*कार्बन स्वतःच इलेक्ट्रॉन द्यायला तयार असेल (इनॉल इथर, कीटोनची शेजारची जागा):* सिलेक्टफ्लोर. बाकावर ठेवता येणारी पांढरी पावडर, वजन करा आणि टाका.

*ट्रायफ्लोरोमिथाइल हवा असेल तर:* कार्बोनिलवर जोडायला रूपर्ट-प्रकाश अभिकर्मक. त्यातले प्रकाश म्हणजे बंगळुरूचे, पुढे लॉस एंजेलिसला गेलेले सूर्य प्रकाश. कड्यावर शेवटच्या टप्प्यात टाकायला लँग्लॉइसचा सल्फिनेट क्षार, किंवा मॅकमिलन यांनी २०११ मध्ये दाखवलेला साध्या बल्बच्या उजेडावर चालणारा फोटोरेडॉक्स मार्ग. मिश्रण मिळेल, ते वेगळं करायची तयारी ठेवा.

जाता जाता एक. आतापर्यंतचं जवळजवळ सगळं फ्लोराइड एकाच उगमातून येतं: फ्लोरस्पार हा दगड गरम सल्फ्युरिक आम्लात घालून एचएफ, मग एचएफपासून बाकी सगळं. ऑक्सफर्डच्याच गटाने २०२३ मध्ये हा दगड पोटॅशियम फॉस्फेटच्या क्षाराबरोबर बॉल मिलमध्ये दळला आणि मधला एचएफ वगळून थेट वापरता येणारी पावडर मिळवली. पोळ्यांचं पीठ दळावं तसं. तुमच्या आजच्या प्रयोगात याचा उपयोग नसेल, पण एचएफ हाताळलेल्या कुणालाही हा पेपर वाचून बरं वाटेल.

६. झालं का, ते बघा

फ्लोरिन एनएमआर ही देवाची देणगी. नैसर्गिक फ्लोरिन शंभर टक्के १९ वजनाचा, सिग्नल जवळजवळ प्रोटॉनइतका ठणठणीत, आणि पार्श्वभूमी रिकामी. ४०० मेगाहर्ट्झच्या यंत्रावर ३७६ मेगाहर्ट्झला तो दिसतो. कच्च्या मिश्रणातून थेंब काढा, ट्रायफ्लोरोटोल्यूइन (उणे ६३.७ पीपीएम) मोजून घाला, दोन मिनिटांत यील्ड कळतं. फ्लोरोबेन्झीनसारखी कडी उणे ११३ च्या आसपास.

यात मी खाल्लेल्या ठेचा:

उणे १५० च्या जवळ टोकदार शिखर दिसलं आणि मी पेढे आणायला निघाले. तो सिलेक्टफ्लोरमधला टेट्राफ्लोरोबोरेट होता.

कार्बन एनएमआरमध्ये १६० पीपीएमजवळ दोन रेषा, सुमारे अडीच पीपीएमच्या अंतरावर. "दोन संयुगं आहेत" म्हणून आठवडाभर कॉलम केले. कड्यावरच्या कार्बन-फ्लोरिनची जोडणी २४५ हर्ट्झच्या आसपास असते. १०० मेगाहर्ट्झला ते अडीच पीपीएमच. एकाच कार्बनचं शिखर दुभंगलं होतं. शेजारचे कार्बनही २१, ८, ३ हर्ट्झ असे उतरत्या क्रमाने फुटतात. हे दिसलं तर आनंद माना.

आणि दोन पल्समधला डिले वाढवा. फ्लोरिनची केंद्रकं सावकाश शांत होतात. घाईने पल्स मारत गेलात तर क्षेत्रफळ खोटं येतं आणि यील्ड शंभराच्या वर जातं.

७. हॉट लॅबचे कागद

फ्लोरिन-१८ कडे जायचं असेल तर रसायनाआधी कागद. महाराष्ट्रात याची मुळं जुनी आहेत: देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ मध्ये सुरू झाला. नियामक, म्हणजे एईआरबी (अणुऊर्जा नियामक मंडळ), अणुशक्तीनगरला. बहुतेक अर्ज त्यांच्या ई-लोरा प्रणालीतून संस्थेमार्फत जातात. तुमच्याकडून लागतं ते साधारण असं: शैक्षणिक प्रमाणपत्रं, ओळखपत्र, फोटो, वैद्यकीय तपासणी, आणि आधी कुठे रेडिएशनचं काम केलं असेल तर तिथल्या डोसची नोंद. ही शेवटची नोंद जुनी संस्था सोडतानाच मागून घ्या. मी मागितली नाही, आणि नंतर चार महिने ई-मेल लिहीत बसले.

टीएलडी बॅज (अंगावरचा किरणोत्साराचा डोस मोजणारा) मिळेपर्यंत आत जायचं नाही, कितीही "फक्त बघायला ये" म्हटलं तरी. बोटांसाठी रिंगही मागा, कारण व्हायल हाताळताना डोस बोटांना बसतो. मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. गरोदर असाल तर आरएसओंना (रेडिएशन सेफ्टी ऑफिसरना) लगेच सांगा. त्यानंतर बाळासाठी मर्यादा १ मिलिसिव्हर्टची असते आणि कामाची जागा बदलून देणं संस्थेचं काम आहे. लाजू नका.

एक्स-रेवाले घालतात तो अर्ध्या मिलिमीटरचा लेड ॲप्रन इथे कामाचा नाही. फ्लोरिन-१८ मुळे निघणारे ५११ केईव्ही ऊर्जेचे फोटॉन निम्मे करायलाच ४ ते ५ मिलिमीटर शिसं लागतं. हॉट सेलच्या भिंती, अंतर आणि वेग यांवर भिस्त ठेवा.

८. सगळी गणितं उलटी होतात

आता फ्लोराइडचा जन्मच पाण्यात होतो. ऑक्सिजन-१८ ने समृद्ध केलेल्या पाण्यावर प्रोटॉनचा मारा केला की फ्लोरिन-१८ तयार होतो. अर्धायुकाल सुमारे ११० मिनिटं. म्हणजे रात्रभर व्हॅक्युम वगैरे विसरा. पाणी दहा मिनिटांत घालवायचं.

१९७६ मध्ये माणसाला पहिलं एफडीजी (फ्लोरिन-१८ लावलेली साखर) दिलं गेलं ते ब्रुकहेवनमध्ये बनवून विमानाने फिलाडेल्फियाला नेलं होतं, आणि बनवण्याची ती रीत अवघड, यील्ड तुटपुंजं. दहा वर्षांनी, १९८६ मध्ये, जर्मनीतल्या यूलिशच्या हामाखर, कोनेन आणि श्टोकलिन यांनी जी कृती दिली ती आजही जगभर दर पहाटे चालते. क्यूएमए काडतुसावर (ऋण आयन धरून ठेवणाऱ्या) फ्लोराइड अडकवा, पाणी पुढे जाऊ द्या. पोटॅशियम कार्बोनेट आणि क्रिप्टोफिक्सच्या द्रावणाने ते उतरवा. क्रिप्टोफिक्स पोटॅशियमला पिंजऱ्यात घेतं, फ्लोराइड मोकळं राहतं. ॲसिटोनायट्राइल घालून दोन-तीनदा उडवा, उरलंसुरलं पाणी त्याच्याबरोबर जातं. मग मॅनोज ट्रायफ्लेट (एफडीजीचा प्रिकर्सर), ८५ अंश, पाच मिनिटं. संरक्षक गट काढा, गाळा. अर्ध्या तासात काम फत्ते.

कोल्ड लॅबमधून (किरणोत्सार नसलेल्या प्रयोगशाळेतून) येणाऱ्याला धक्का बसतो तो प्रमाणाचा. ३७ गिगाबेकरेल फ्लोरिन-१८, म्हणजे एक क्युरी, पूर्ण शुद्ध असतं तर ते अर्ध्या नॅनोमोलच्या जरासंच वर भरलं असतं. तुमचा प्रिकर्सर पाच मिलिग्रॅम घेतला तर तो त्याच्या वीस हजारपट. कोल्डमध्ये आपण फ्लोराइड चमच्याने ओततो, इथे फ्लोराइड हाच दुर्मिळ पाहुणा. म्हणून कोल्डमध्ये चालणारी पद्धत हॉटमध्ये चालेलच असं नाही. दोन फ्लोराइड एकत्र यावे लागतात अशी यंत्रणा असेल तर ती इथे कोलमडते. आणि अभिकर्मकांतून किंवा टेफ्लॉनच्या नळीतून थोडाजरी साधा फ्लोराइड आला तर तुमचा किरणोत्सारी फ्लोराइड गर्दीत हरवतो.

तांब्याची पद्धत गुव्हर्नर यांच्याच गटाने २०१४ मध्ये इथे आणली: बोरॉन एस्टर, तांब्याचं पिरिडीन-ट्रायफ्लेट संयुग, डीएमएफ, ११० अंश, २० मिनिटं, आणि गंमत म्हणजे उघड्या हवेत. इलेक्ट्रॉनने भरलेली कडी यातून पेटसाठी मोकळी झाली. यातला सापळा पोटॅशियम कार्बोनेटचा. एफडीजीच्या सवयीने तेवढाच बेस घातलात तर तांबं बसतं रुसून. बेस कमीत कमी घ्या, किंवा सौम्य क्षाराने उतरवा. आमची पहिली सहा रन केवळ यामुळे वाया गेली.

आणि पेप्टाइड असेल तर पाण्याशी भांडायचंच कशाला? मॅकब्राइड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये फ्लोराइडला आधी ॲल्युमिनियमशी बांधलं आणि ती जोडी पेप्टाइडला लावलेल्या नोटासारख्या पंजात बसवली. पाण्यातच, सामू ४ च्या आसपास, १०० अंशांजवळ. सामू वर गेला की ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड होऊन बसतं, एवढं सांभाळा. नाजूक प्रथिनांना १०० अंश सोसत नाहीत, तिथे ही वाट बंद.

९. यील्डचा आकडा आणि भिंतीवरची घड्याळं

पेपरात "४० टक्के, डिके-करेक्टेड" (किरणोत्सार वाटेत घटला नसता तर मिळालं असतं ते) दिसलं की लगेच वेळ शोधा. ९० मिनिटं लागली असतील तर हातात प्रत्यक्ष येतात २३ टक्क्यांपेक्षाही थोडे कमी. हॉस्पिटलला दुसरा आकडा लागतो. कुठलीही नवी पद्धत पटावर घेण्याआधी तिची एक रन किरणोत्सार न वापरता, नुसतं पाणी आणि सॉल्व्हंट वापरून मॉड्यूलवर (कृती आपोआप करणाऱ्या यंत्रावर) चालवा, स्टॉपवॉच लावून. गळती, अडकलेला व्हाल्व्ह, चुकीच्या व्हायलकडे गेलेली नळी, सगळं तिथेच उघडं पडतं.

तयार माल सोडण्याआधी सामू, रेडिओकेमिकल शुद्धता, क्रिप्टोफिक्सचा ठिपका, एंडोटॉक्सिन (जिवाणूंचं विष), गाळणी फाटलेली नाही ना ते बघणारी बबल-पॉइंट चाचणी आणि अर्धायुकालाची खातरजमा होते. निर्जंतुकतेचा अहवाल मात्र रुग्णाला इंजेक्शन देऊन झाल्यावरच येतो, कारण तोवर थांबणं शक्यच नसतं. म्हणून गाळणीची चाचणी कधीही उरकल्यासारखी करू नका.

राहता राहिली घड्याळं. सायक्लोट्रॉनच्या खोलीतलं, डोस कॅलिब्रेटरवरचं (किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्रावरचं), मॉड्यूलच्या संगणकातलं आणि तुमच्या मनगटावरचं. चार मिनिटांचा फरक म्हणजे अडीच टक्क्यांची चूक, आणि ती यील्डमध्ये कुठे शिरली ते कुणालाच सापडत नाही. आमच्याकडे डोस कॅलिब्रेटरचं घड्याळ अकरा मिनिटं मागे होतं. दोन महिने आम्ही प्रिकर्सरला शिव्या घातल्या. आता दर सोमवारी सकाळी, क्यूएमए भिजवायच्या आधी, मी चारही घड्याळं मोबाइलशी जुळवते आणि रजिस्टरमध्ये सही करते.